पोपच्या अधिकारालाही मर्यादा आहे का?



पोप हे ख्रिस्तसभेचे प्रमुख आहेत, हे आपण मानतो. मग ते सांगतील ते सर्वच आपल्यावर बंधनकारक असते काय?

चौदाव्या शतकात विलियम ऑफ ओकॅम या इंग्रज फ्रान्सिस्कन धर्मबंधूने हा प्रश्न धीटपणे विचारला. पोप जॉन बाविसावे यांच्याशी त्याचा वाद झाला आणि १३२८ साली तो आव्हिन्योहून पळून गेला. त्याला बहिष्कृत करण्यात आले. त्याची सर्वच मते ख्रिस्तसभेला मान्य नाहीत, पण एक मुद्दा मोलाचा आहे. तो म्हणे, ख्रिस्ताचा नियम हा स्वातंत्र्याचा नियम आहे. पोपना वाटेल ते करण्याचा अधिकार असता, तर सारे ख्रिस्ती त्यांचे गुलाम ठरले असते. प्रभूने पेत्राच्या हाती मेंढरे सोपवली, ती मेंढरांच्या भल्यासाठी. देवाने आणि निसर्गाने माणसाला दिलेले हक्क धर्मसत्ता हिरावून घेऊ शकत नाही; अख्रिस्ती माणसाचेही नाही.

ही मर्यादा सुटली की काय होते, हे इतिहास सांगतो. १४५५ मध्ये पोप निकोलस पाचवे यांनी आज्ञापत्र काढून पोर्तुगालच्या राजाला अख्रिस्ती लोकांचे प्रदेश जिंकण्याची आणि त्यांना गुलाम करण्याची मुभा दिली. १५१० मध्ये गोवा घेणारे पोर्तुगीज अशाच आज्ञापत्रांचा आधार सांगत. अखेर ३० मार्च २०२३ रोजी व्हॅटिकनने तो विचार जाहीरपणे नाकारला. असली आज्ञापत्रे कॅथलिक श्रद्धेचा भाग नाहीत, असेही स्पष्ट केले.

म्हणजे आज्ञापालन सोडायचे काय? मुळीच नाही. श्रद्धा, संस्कार आणि नीती यांबाबत ख्रिस्तसभेचे ऐकणे हे आपले कर्तव्यच आहे. मात्र १९८३ च्या धर्मसंहितेचा नियम २१९ सांगतो, की जीवनमार्ग निवडताना कोणावरही सक्ती होता कामा नये. नियम ११०३ नुसार जबरदस्तीने किंवा धाकाने झालेले लग्न मुळात लग्नच ठरत नाही.

जी गोष्ट पोपना करता येत नाही, ती धर्मगुरूंना किंवा आईवडिलांना कशी करता येईल? घरी मुलीच्या लग्नाचा विषय निघेल, मुलगा सेमिनरीत जावा अशी इच्छा होईल, तेव्हा सल्ला जरूर द्या, प्रार्थनाही करा. परंतु "हो" हा शब्द तिचा आणि त्याचाच असू द्या.

आपला ख्रिस्तात,
धर्मगुरू, अड्याळ