तारे मरतात, मग अढळ ते काय?

ध्रुवबाळाची कथा आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. बापाच्या मांडीवरून उठविलेल्या पोराला आकाशात अशी जागा मिळाली, की तेथून त्याला कोणी उठवू शकत नाही. म्हणून ‘अढळपद’ हा शब्द आपल्या तोंडी रुळला. परंतु जाणकार सांगतात, की पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डोलतो आणि सुमारे २६,००० वर्षांत एक फेरी पुरी करतो. त्यामुळे त्या गादीवरचा तारा बदलत राहतो. सुमारे ५,००० वर्षांपूर्वी तेथे दुसराच तारा होता. आणखी १२,००० वर्षांनी अभिजित त्या जागेजवळ येईल. बरे, गादीचे राहू द्या. आज ज्याला आपण ध्रुव म्हणतो, तो तारादेखील एके दिवशी विझणारच आहे.

हे ऐकून परभणीकडचा एखादा कुणबी सरळ विचारील, “महाराज, चांदण्या बी मरतेत म्हणं. मग आपण कशाला जीव काढायचा?” प्रश्न साधा दिसतो, पण हसून सोडून देण्याजोगा नाही. कारण ‘सगळे नाशवंतच आहे’ हे वाक्य पुष्कळदा वैराग्यातून न येता आळसातून येते. म्हातारी आई खाटेवर पडली आहे, बांधावरचे झाड वाळत आहे, आणि आपण म्हणतो, काय राहणार आहे शेवटी!

तर तारा मरतो म्हणजे काय होते, ते आधी पाहू. कार्तिकी वारीच्या दिवसांत रात्री नऊ-दहाच्या सुमारास पूर्वेकडे पाहा. मृग वर आलेला असतो. त्याच्या पोटात तीन ताऱ्यांचा बाण आहे. बाणाच्या दक्षिणेस एक धूसर ठिपका दिसतो. तो वायू आणि धूळ यांचा ढग आहे, आणि त्यात आजही नवे तारे जन्मत आहेत. ढग स्वतःच्याच ओढीने आकसतो, पोटात तापतो, आणि उष्णता सुमारे एक कोटी अंशांवर गेली की हायड्रोजनचे हेलियम होऊ लागते. तारा पेटला तो असा. आपला सूर्य सुमारे ४६० कोटी वर्षे असाच जळत आहे. दर सेकंदाला त्याचे सुमारे ४० लाख टन वस्तुमान प्रकाशरूप होऊन जाते. आणखी सुमारे ५०० कोटी वर्षांनी तो फुगून तांबडा होईल, आणि शेवटी पृथ्वीएवढा एक निवत जाणारा गोळा उरेल.

त्याच मृगात एक तांबूस तारा आहे, आर्द्रेचा. तो सूर्याहून कितीतरी पट जड. त्याच्याजवळ इंधन जास्त, पण खर्च त्याहून जास्त. म्हणून तो एक कोटी वर्षांच्या आतबाहेरच म्हातारा झाला. येत्या लाखभर वर्षांत केव्हातरी त्याचा स्फोट होईल, असा अंदाज आहे. अशा ताऱ्याच्या पोटात शेवटी लोखंड तयार होते. लोखंडातून आणखी ऊर्जा निघत नाही. आधार सुटतो, गाभा क्षणात कोसळतो आणि तारा फुटतो. इ. स. १०५४ मध्ये वृषभ राशीत असा एक तारा फुटलेला दिसला. तो २३ दिवस भरदिवसा दिसत होता, अशी चिनी लोकांची नोंद आहे.

आता नीट ध्यानात घ्या. आपल्या नांगराच्या फाळातले लोखंड, हाडांतला चुना, श्वासातला प्राणवायू, हे सारे कुठल्या ना कुठल्या ताऱ्याच्या पोटात किंवा त्याच्या स्फोटात घडलेले आहे. ते तारे मेले नसते तर गोदाकाठची काळी माती झाली नसती, आणि तीत घाम गाळणारा माणूसही नसता.

मेलेल्या ताऱ्यांची वार्ता आता आपल्याच मुलखात ऐकू येणार आहे. औंढा नागनाथ म्हणजे नामदेवराय आणि विसोबा यांची गाठ पडली ते स्थान. १९९९ साली हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत ते परभणी जिल्ह्यातच होते. त्या परिसरात लायगो-इंडिया ही वेधशाळा उभारण्यास केंद्र सरकारने २०२३ साली मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांनी ती अवकाशाचा सूक्ष्म कंप टिपणार. असा कंप प्रथम १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेत टिपला गेला. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षे दूर, मोठ्या ताऱ्यांच्या मागे उरतात तशी दोन कृष्णविवरे एकमेकांत मिसळली होती. विझलेल्याचीही खबर इतक्या दूरवर पोचते!

येथे कोणी म्हणेल, “ताऱ्याला कुठे ठाऊक असते, की आपण काही देतो आहो? तो नाइलाजाने फुटतो. त्यात कसला आला परोपकार?” हे म्हणणे खरे आहे. ताऱ्याला पुण्य नाही आणि पापही नाही. मोठा तारा उधळ्या म्हणून वाईट म्हणावा, तर आपल्या श्वासातला बहुतेक प्राणवायू त्याच्याकडूनच आला. म्हणून ताऱ्यांचा कित्ता गिरवायला जाऊ नये. त्यांच्यापासून एवढेच समजून घ्यावे, की संपणे आणि वाया जाणे या दोन गोष्टी एक नव्हेत.

माणसाचा अधिकार येथेच वेगळा आहे. ताऱ्याने पोटात घडविलेले लोखंड तो फुटल्यावाचून बाहेर पडत नाही. आपल्याला मात्र फुटेपर्यंत थांबावे लागत नाही. जमविलेले धान्य, शिकलेली विद्या, दोन गोड शब्द, आजाऱ्याच्या उशाशी काढलेली एक रात्र, हे जिवंतपणी, जाणून, आपल्या हाताने देता येते. आपण संपणार हे ठाऊक असूनही जो देतो, त्याचे देणे ताऱ्याच्या देण्याहून मोठे आहे.

तेव्हा त्या कुणब्याला उत्तर हे, की बाबा, चांदण्या मरतात म्हणूनच तुझ्या हातात नांगर आहे. तू लावलेले झाड तुझ्यामागे कोणाला तरी सावली देईल, तेही झाड एक दिवस पडेल, आणि त्याची माती होऊन तीत दुसरे रुजेल. ध्रुवाची गादी बदलते. हे घेणे आणि पुढे देणे मात्र अजून थांबलेले नाही. आपल्या वाट्याचे आज द्यावे. आई खाटेवर वाट पाहत आहे.