शनिवारची टोपली

पांडुरंगा, आज शनिवार. सकाळी सातला टोपली आली. दिवे घाट चढून गेलं की सासवडच्या अलीकडे ताईंचा २० गुंठ्यांचा मळा आहे. आम्ही ३० घरांनी दसऱ्यालाच सहा महिन्यांचे पैसे त्यांच्या हाती दिलेत. पिकेल ते वाटून घ्यायचं; नाही पिकलं, तर तेही वाटून घ्यायचं.

आज मुळे आले, पाल्यासकट. नवलकोल, कांद्याची पात, मेथीची जुडी, गाजरं. मुळ्याच्या शेपटाला केसांसारखी मुळं होती, त्यांत ओली माती अडकलेली. नळाखाली धरला तर आधी गढूळ पाणी आलं, मग नितळ, आणि आतून पांढराशुभ्र मुळा निघाला. तसाच मोडून खाल्ला. नाकात झणका गेला, डोळ्यांत पाणी आलं. ते पाणी तुझ्या पायी घे.

दीड वर्ष झालं, मी बहुतेक कच्चंच खाते. मेथी बारीक चिरून मीठ, तिखट, दाण्याचं कूट नि कच्चं तेल घालून आजी घोळाणा करायची. आता तेच माझं जेवण, भाकरी नुसती सोबतीला. गाजराच्या कोशिंबिरीवर ती फोडणी ओतायची. गाजराचं सत्त्व तेलाच्या सोबतीनं अंगी लागतं, हे तिला कुठल्या पुस्तकानं सांगितलं नव्हतं. तिच्या हाताला तू सांगितलंस. तिच्यामागे पंचवीस वर्षं मी ते विसरून गेले. क्षमा कर.

आणखी एका गोष्टीची क्षमा मागायची आहे. गेल्या मार्चमध्ये गारा पडल्या. त्या शनिवारी टोपलीत भोकं पडलेला कोबी, चार बीट आणि एक चिठ्ठी : “काकू, पालक झोडपून गेला. पुढच्या आठवड्यात बघू.” वाचून माझ्या मनात आधी आला तो पैशांचा हिशोब. ताईंचं शेत नाही आलं. मंडईत नोट पुढे करून हवी ती भाजी उचलायची माझी चाळीस वर्षांची सवय. गारा माझ्या ताटातही पडतात, हे मला कधी कळलंच नव्हतं. कोबीची वरची फाटकी पानं काढली, तर आत घट्ट, गोड गड्डा होता. चार दिवस तोच खाल्ला. पण त्या पहिल्या क्षणाची लाज अजून जात नाही.

सावता माळी मळा सोडून पंढरीला आले नाहीत. तूच अरणला त्यांच्याकडे गेलास, असं म्हणतात. मला मळा नाही, देवा. माझ्याकडे विळी आहे. नवलकोलाची जाड साल सोलते, तिथं ये.

पावसात पालेभाजी कच्ची सोसत नाही, पानापानांत चिखल नि किडी असतात. तेव्हा मी मुकाट शिजवून खाईन. कच्चं खाते म्हणून शिजवून खाणाऱ्याला कमी लेखेन, असं माझ्या जिभेवर येऊ देऊ नकोस. सलग तीन आठवडे नवलकोल आला, तरी तक्रार लिहायला हात मोबाईलकडे जाऊ नये. दात शाबूत राहू देत.

आणि घाटावर पाऊस मुळातच कमी. ताईंची विहीर फेब्रुवारीतच तळ दाखवते. निदान उरलेली गाजरं निघेपर्यंत पाणी टिकू दे. काल रात्री तिकडे आभाळ भरून आलं होतं. गारा नकोत रे, पांडुरंगा.