नकाराची मोकळीक

दहा वर्षांच्या मुलासाठी लिहिलेले पुस्तक दहा वर्षांचे मूल सहसा विकत घेत नाही. पैसे आई-वडील देतात, शिफारस शिक्षक करतात. मोठ्या प्रकाशनसंस्थेत लिहिणारा आणि विकणारा वेगळे असतात, म्हणून हा पेच लेखकाला फारसा जाणवत नाही. स्वखर्चाने पुस्तक छापणाऱ्याला मात्र तो टाळता येत नाही. मुलासाठी गोष्ट लिहिणाऱ्या हातानेच त्याला पालकांसाठी जाहिरातही लिहावी लागते. तिथे मोठा मोह असतो तो पालकांच्या धास्तीला हात घालण्याचा : शब्दसंपत्ती वाढेल, संस्कार होतील, मोबाइल सुटेल. माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, हे कांटचे सूत्र इथे थेट लागू पडते. अशा जाहिरातीत मूल हे पालकांच्या खिशापर्यंत पोचण्याचे साधन होते. गोष्ट त्याला आवडेल का, हे कुणी विचारतच नाही.

माझ्या मते विक्रीची कसोटी एकच : मुलाला नकार देण्याची मोकळीक उरते की नाही? फ्रेंच लेखक दानिएल पेनाक यांनी 1992 साली वाचकाचे दहा हक्क मांडले, त्यांत पहिला हक्क न वाचण्याचा आहे. हा हक्क मानणारी विक्री शक्य आहे. अमेरिकेत ख्रिस्तोफर पाओलिनी या तरुणाची ‘एरागॉन’ ही कादंबरी त्याच्या कुटुंबाने 2002 मध्ये स्वतः छापली. तो मध्ययुगीन पोशाख करून शाळा, ग्रंथालये आणि दुकाने फिरला. असे शंभराहून जास्त कार्यक्रम त्याने केले. पुढे कादंबरीकार कार्ल हायसन यांच्या सावत्र मुलाने ते पुस्तक वाचले, त्याला ते आवडले, हायसन यांनी आपल्या प्रकाशकाला कळवले आणि 2003 मध्ये क्नॉफने ते काढले. पोशाखाने मुले टेबलापाशी आली असतील, पण पुस्तक पुढे सरकले ते एका मुलाने शेवटपर्यंत वाचले म्हणून. शिफारस इथे मुलाकडून मोठ्यांकडे गेली.

यावर कुणी म्हणेल, हा संयम दुबळ्यालाच महाग पडतो. नावाजलेल्या संस्थांकडे दुकाने आहेत, वितरक आहेत. एकट्या लेखकाने भीड बाळगली तर त्याचे गठ्ठे घरातच पडून राहतील. हा आक्षेप खरा आहे. पण त्यातून मोठ्याने बोलण्याचा हक्क मिळतो, मुलाच्या आडून बोलण्याचा मिळत नाही. बिअॅट्रिक्स पॉटर यांना प्रकाशकांनी नाकारल्यावर त्यांनी डिसेंबर 1901 मध्ये पीटर ससोबाच्या गोष्टीच्या 250 प्रती स्वतः छापल्या. पुस्तक लहान हातांत मावेल एवढे असावे आणि स्वस्त असावे, हा त्यांचा हट्ट होता. ती विक्रीचीच युक्ती होती, आणि तिच्या केंद्रस्थानी मूल होते. दुसरा आक्षेप असा, की मुलांसाठी मोठ्यांनीच निवड करायची असते. करावी, पण निवडणे म्हणजे समोर ठेवणे, गळी उतरवणे नव्हे.

मुलांना लक्ष्य करणाऱ्या ऑनलाइन जाहिरातींना मनाई करणारी तरतूद भारताच्या 2023 च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात आहे. शाळेच्या सभागृहात मात्र हा कायदा पोचत नाही. तिथे मुख्याध्यापकांच्या शब्दाला वजन असते, मागणीपत्रक दप्तरातून घरी जाते, आणि ज्याच्या घरी त्या महिन्यात पैसे नाहीत ते मूल दुसऱ्या दिवशी रिकाम्या हाताने वर्गात येते. लेखकाची गोष्ट त्यानेही तितक्याच मन लावून ऐकलेली असते. शाळेत पुस्तक विकायला जाणाऱ्या प्रत्येक लेखकाला म्हणूनच विनंती आहे : मागणीपत्रक वाटण्याआधी वर्गाच्या पेटीत दोन प्रती ठेवा, आणि महिन्याभराने त्या किती हाताळल्या गेल्या ते पाहायला परत जा.