पेट्रोल मिळेल, पण कोणाच्या जिवावर?

स्कॉटलंडमधल्या ग्रेंजमाउथच्या रिफायनरीत कच्चे तेल शुद्ध करण्याचे काम थांबल्याचे २९ एप्रिल २०२५ रोजी जाहीर झाले. १९२४ पासून हा कारखाना चालू होता. दिवसाला सुमारे दीड लाख पिंपे तेल शुद्ध करण्याची क्षमता असलेली ही स्कॉटलंडमधली एकमेव रिफायनरी. तिथल्या विमानतळांचे इंधन आणि पंपांवरच्या पेट्रोल-डिझेलचा मोठा हिस्सा इथूनच जात असे. त्यामुळे बंदची कुणकुण लागल्यापासून लोकांचा पहिला प्रश्न एकच होता : आता पेट्रोल मिळेल ना? त्याचे उत्तरही लवकर मिळाले. कारखान्याच्या जागी आयातीचे टर्मिनल उभे राहील, तयार इंधन जहाजाने येईल, टाक्यांत साठेल आणि तिथूनच टँकर भरून निघतील. झालेही तसेच. पंप चालू राहिले, विमाने उडत राहिली आणि काळजी ओसरली. ती ओसरली म्हणजे प्रश्न सुटला, असे मात्र मला वाटत नाही. इंधन जहाजाने आणता येते. जे इंधन तयार करत होते त्यांच्याविषयीचे आपले देणे कुठल्याच जहाजाने येत नाही, आणि नेमका तोच हिशेब या काळजीतून सुटून गेला आहे.

पुरवठ्याची काळजी क्षुल्लक आहे, असे मला अजिबात म्हणायचे नाही. रुग्णवाहिकेला डिझेल लागते, पेरणीच्या दिवसांत ट्रॅक्टरला लागते, बेटांवर दूध-औषध नेणाऱ्या बोटीला लागते. पण ही काळजी साठ्याने आणि नीट आखणीने भागवता येते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ती मोकाट सुटली की स्वतःच टंचाई निर्माण करते. सप्टेंबर २०२१मध्ये ब्रिटनमध्ये टँकरचालक कमी पडल्याने थोडेच पंप बंद ठेवावे लागले होते. बातमी पसरली आणि चार दिवसांत शहरेच्या शहरे कोरडी पडली. रिफायनऱ्यांत इंधन होते, डेपोत होते. कमी होता तो टँकर चालवणारा माणूस. शेवटी लष्कराचे चालक बोलवावे लागले. आपल्याकडे जानेवारी २०२४च्या पहिल्या दोन दिवसांत हेच घडले. अपघात करून पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद नव्या न्याय संहितेत आली, त्याविरुद्ध ट्रक-टँकरचालकांनी काम थांबवले. मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोंतून टँकर निघेनात आणि नागपूरपासून मुंबईपर्यंत पंपांवर रांगा लागल्या. अर्धी टाकी भरलेला स्कूटरवालाही ‘फुल्ल करा’ म्हणून उभा, कोणाच्या हातात कॅन, कोणी भावाची गाडीही ढकलत आणलेली. बोलणे सगळे एकाच गोष्टीचे : किती लिटर देताहेत, पुढच्या पंपावर आहे का. टँकर चालवणारा माणूस नेमका कशाला घाबरला आहे, हे त्या गर्दीत कोण विचारणार? काळजीची नजर नळीच्या तोंडावर खिळली की नळीच्या पलीकडे उभा असलेला माणूस दिसेनासा होतो.

ग्रेंजमाउथमध्ये नळीपलीकडचे हे लोक कोण होते? रिफायनरी तिथे उभी राहिली त्याचे एक कारण बंदर होते आणि दुसरे तिथली माणसे. शेजारच्या वेस्ट लोदियन भागात एकोणिसाव्या शतकापासून दगडातून तेल काढण्याचा उद्योग होता. भट्टी, वाफ आणि तेल यांची जाण असलेले कामगार तयार होते. मनोऱ्यात कच्चे तेल साडेतीनशे अंशांच्या आसपास तापवून सोडले की हलका भाग वर चढतो, त्याचे पेट्रोल होते, त्याखाली विमानाचे इंधन आणि रॉकेल, मग डिझेल, आणि तळाला राहतो तो डांबराचा गाळ. सांगायला सोपे आहे. पण तापमान थोडे हलले, एखादी झडप अडकली तर काय होते, हे ज्याला नुसत्या आवाजावरून कळते तो माणूस घडायला वर्षे लागतात. असे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या एका गावात साठले होते. बंदची शक्यता जाहीर झाली नोव्हेंबर २०२३मध्ये आणि निर्णय पक्का झाला सप्टेंबर २०२४मध्ये. या जागेचे पुढे काय करता येईल याचा सरकारी पैशाने करवून घेतलेला अभ्यास, ‘प्रोजेक्ट विलो’, प्रसिद्ध झाला मार्च २०२५मध्ये, म्हणजे काम थांबण्याच्या जेमतेम सहा आठवडे आधी. त्यात नऊ पर्याय आहेत, साडेतीन अब्ज पौंडांची खासगी गुंतवणूक लागेल असा अंदाज आहे आणि आठशेपर्यंत नोकऱ्यांची आशा आहे, पण ती २०४० सालापर्यंतची. ब्रिटिश सरकारने वीस कोटी पौंड देऊ केले, प्रशिक्षणाची सोयही झाली. ही मदत मी कमी लेखत नाही. पण चारशेहून अधिक जणांच्या नोकऱ्या आधी जाणार आणि पर्यायी काम पंधरा वर्षांच्या टप्प्यात येणार असेल, तर मधल्या वर्षांचे भाडे, फी, कर्जाचे हप्ते कोणी भरायचे? इंधनाच्या बाबतीत एक दिवसाचाही खंड पडू दिला गेला नाही. टर्मिनल आधी सज्ज झाले, मग भट्टी विझली. हाच क्रम माणसांच्या बाबतीत पाळला गेला नाही, हा माझा मूळ आक्षेप आहे.

यावर पहिले उत्तर येते ते तोट्याचे. शंभर वर्षांचा जुना कारखाना, दिवसाला सुमारे पाच लाख डॉलर तोटा असे मालक सांगत होते. आखातात आणि आशियात नव्या, प्रचंड रिफायनऱ्या स्वस्तात इंधन बनवतात. कोणी कुठवर पदरमोड करायची? हे मला मान्य आहे. कारखाना कायम चालवा, अशी मागणी मी करत नाही. पण असा तोटा एका रात्रीत होत नाही, वर्षानुवर्षे दिसत असतो. बंद करणे अपरिहार्य असेल तर त्याची तयारीही तितकीच आधी सुरू व्हायला हवी होती, आणि ती केवळ मालकाची जबाबदारी नव्हती.

दुसरे उत्तर अधिक वजनदार आहे : पृथ्वी तापते आहे, तेलाचा वापर थांबवायचा असेल तर रिफायनऱ्या बंद होणारच. अगदी खरे. फक्त इथे वापर कुठे थांबला? तितक्याच गाड्या तितकेच इंधन जाळत आहेत. उत्तर समुद्रातले तेल फोर्टीज पाइपलाइनने आजही ग्रेंजमाउथच्या शेजारी किनीलला येते आणि बरेचसे पुढे जहाजाने बाहेर जाते. तयार इंधन दुसरीकडून जहाजानेच परत येते. म्हणजे धूर कमी झाला नाही, दुसऱ्या कोणाच्या तरी खिडकीबाहेर गेला. ती खिडकी कशी असते हे मुंबईकरांना सांगायला नको. रिफायनऱ्यांशेजारच्या माहुलच्या हवेबद्दल तिथले रहिवासी वर्षानुवर्षे ओरडत राहिले, तेव्हा २०२०मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने तिथल्या चार कंपन्यांना मिळून २८६ कोटी रुपयांची भरपाई भरायला सांगितले. आपला वापर तसाच ठेवून आपल्या दारातली चिमणी विझवणे म्हणजे त्याग नव्हे. तो भार दुसऱ्याच्या गळ्यात घालणे आहे. वापर खरोखर कमी करणारा समाज कामगाराला ‘तुझे काम आता नको’ असे सांगू शकतो, पण त्याआधी त्याने स्वतः काहीतरी सोडलेले असले पाहिजे.

तिसरा आक्षेप असा की एवढा कडवटपणा कशाला, लोक सावरतात, काळ पुढे जातो. हे कितपत खरे असते ते पाहायला स्कॉटलंडला जायची गरज नाही. १८ जानेवारी १९८२ला मुंबईत गिरणी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि पुढच्या वर्षांत गिरण्या एकामागून एक मिटल्या. महाराष्ट्रात कापडाची टंचाई झाली का? एक दिवसही नाही. भिवंडीच्या यंत्रमागांवरून, इतर राज्यांतून कापड येत राहिले, लग्नसराईत दुकाने नेहमीसारखी भरली. ग्राहकाच्या बाजूने पाहिले तर काहीच बिघडले नव्हते, आणि म्हणूनच गिरणगावाचे काय झाले हा प्रश्न बाकीच्या राज्याला फार काळ टोचला नाही. १९९१च्या नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरले : एक मोकळ्या मैदानांना, एक घरांना, एक मालकाला. २००१मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त रिकाम्या जागेपुरती उरली. सर्वोच्च न्यायालयाने २००६मध्ये तो बदल वैध ठरवला. दुकानात कापड होते, त्यामुळे हा बदल होताना रांगा लागल्या नाहीत. ज्यांच्या हक्काच्या घरांचा वाटा त्यात घटला त्यांतले कितीतरी जण आज हयात नाहीत. म्हाडाच्या सोडतीसाठीचे अर्ज आता वारसांच्या नावाने भरले जातात, आणि त्यासोबत जोडायला घरोघरी जपून ठेवलेली असते ती गिरणीची जुनी तिकिटे, पगाराच्या पावत्या आणि भविष्य निर्वाह निधीचे पिवळे पडलेले कागद.