कानाचा कान

सप्टेंबर 2024 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ॲपलच्या एअरपॉड्स प्रो 2 मधल्या श्रवणयंत्राच्या सॉफ्टवेअरला परवानगी दिली. गाणी ऐकण्याचं खेळणं वैद्यकीय उपकरणांच्या पंगतीत बसलं! अर्थात अटी आहेत: वय 18 किंवा त्याहून अधिक, आणि श्रवणदोष सौम्य ते मध्यम. ऐकू येणं फारच कमी झालं असेल, तर तज्ज्ञाने कानाच्या चाचणीनुसार जुळवून दिलेल्या यंत्राला पर्याय नाही. शिवाय चांगलं श्रवणयंत्र दिवसभर साथ देतं; इअरबड काही तासांत चार्जिंगच्या डबीत परततात.

खरी गंमत अर्थाची आहे. श्रवणयंत्र सांगतं, 'मला तुमचं ऐकायचंय.' इअरबड नेमकं उलट सांगतात. म्हणून तर ते घालून समोर बसलेल्या नातवाला आजी दोनदा हाक मारते. आता आजीनेच ते घातले, तर ती ऐकतेय की टाळतेय, हे नातवाने कसं ओळखावं?

ऐकणं कानाचं की मनाचं, हा प्रश्न जुनाच आहे. केनोपनिषद कानामागच्या कानाबद्दल विचारतं. बृहदारण्यकाचं निरीक्षण तर अगदी घरगुती आहे: मन दुसरीकडे असलं की माणूस म्हणतो, मी ऐकलंच नाही. नवविधा भक्तीत पहिला मान श्रवणाला आहे आणि दासबोधाचा चौथा दशक तिथूनच सुरू होतो. यंत्र आवाज वाढवतं, गोंगाट गाळतं. कोणता आवाज गोंगाट मानायचा, हे मात्र आता बऱ्याच अंशी चिप ठरवते. पूर्वी ते काम मन करत असे, आणि तेही फारसं निःपक्षपाती नव्हतं.