बांधावर सोडलेल्या गोगलगायी

पावसाळा लागला की गोडादऱ्यात आमच्या सोसायटीच्या कुंड्यांत मोठ्या शंखाच्या गोगलगायी निघतात. शेजारच्या भाभी त्यांच्यावर मीठ टाकतात. मला बघवत नाही हो. द्वींद्रिय जीव, स्पर्श आणि चव एवढंच त्याचं जग! म्हणून मी रोज संध्याकाळी त्या बादलीत गोळा करून मागच्या शेताच्या बांधावर सोडत असे. पुण्य केलं असंच वाटे.

ही आफ्रिकेतली जात. १८४७ मध्ये बेन्सन नावाच्या इंग्रजाने मॉरिशसहून कोलकात्याला आणली आणि बागेत सोडली. नर-मादी एकाच देहात, एका खेपेला शंभर-दोनशे अंडी. वाचलं आणि चरकले. मी तरी वेगळं काय करत होते? माझी बादली कुणाच्या तरी पिकावर रिकामी होत होती.

२०२२ च्या पावसाळ्यात मराठवाड्यात गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपं फस्त केली. लातूरकडच्या माझ्या बहिणीला दुबार पेरणी करावी लागली. ती संध्याकाळी ओली पोती पसरते, सकाळी खाली जमलेल्या गोगलगायी वेचून मिठाच्या पाण्यात टाकते, आणि प्रतिक्रमणाला बसते. शेतीतली हिंसा उद्योगी, संकल्पी नव्हे, असं आपण शिकलो. पण पोतं पसरताना संकल्प नसतो का गं, मी विचारलं.

ती म्हणाली, "ताई, तू सोडलेल्या कुणाला माराव्या लागल्या असतील?"

बादली आता बांधावर जात नाही. मीठही अजून हातात घेतलेलं नाही.