तलावाची खोली व डोळ्यांची साक्ष



सिहोऱ्याजवळ चांदपूरच्या तलावाच्या काठीं उभें राहिलें म्हणजे जवळ काय व दूर काय, हें आपणांस कोणीं सांगावें लागत नाहीं. ह्या साध्या गोष्टींत उत्पन्नकर्त्याची मोठी योजना आहे.

डोळ्याच्या आंतील पडद्यावर उमटणारें चित्र कागदावरील चित्राप्रमाणें सपाट असतें. मग खोली कळते कशी? मन अनेकांची साक्ष घेतें. जवळचें झाड दूरच्या झाडास झांकतें. जवळच्या बांधींतील धानाची लोंबी न् लोंबी दिसते, दूरच्या बांधींत नुसता रंग राहतो. दूरचा डोंगर हवेमुळें निळसर व फिका भासतो. आपण चालूं लागलों तर बांध झपाट्यानें मागें जातो, डोंगर मात्र बरोबर चालल्यासारखा वाटतो. शिवाय आपल्या दोन डोळ्यांत सुमारें ६ सेंटिमीटर अंतर असल्यामुळें प्रत्येकास थोडें निराळें चित्र दिसतें. ह्या भेदावरून मन खोली ओळखतें, हें चार्ल्स व्हीटस्टन ह्या इंग्रज शास्त्रज्ञानें १८३८ सालीं दाखवून दिलें. एक डोळा मिटून सुईंत दोरा ओवून पाहा, म्हणजे खात्री पटेल.

परंतु पाण्यापुढें ही साक्ष फसते. पाण्यांतून बाहेर येतांना प्रकाशाचा किरण वाकतो. त्यामुळें स्वच्छ पाण्याचा तळ सरळ वरून पाहिला तरी वर उचलल्यासारखा दिसतो, व चार हात पाणी सुमारें तीन हातच भासतें. काठावरून तिरपें पाहिल्यास तें त्याहूनही उथळ वाटतें. पोहतां न येणारें लेंकरूं ह्याच भासावर विसंबून पाय टाकतें, आणि घरावर आकांत ओढवतो. म्हणून उपदेशकांनीं व आईबापांनीं मुलांस हें अवश्य शिकवावें कीं, तळ दिसला म्हणून पाणी उथळ नव्हे. आणि एके ठिकाणीं काठी टेकली तरी पुढच्या पावलावर खड्डा असूं शकतो.

बेथसैदाच्या आंधळ्यास प्रथम माणसें झाडांसारखीं दिसलीं. प्रभूनें पुन्हां हात ठेवला तेव्हां त्यास सर्व स्पष्ट दिसूं लागलें. पहिल्या दृष्टीस जें दिसतें तेंच सर्व, असें आपणही मानूं नये. काठावर उभें राहून तिरप्या नजरेनें पाहणाऱ्यास शेजाऱ्याचें दुःखही उथळच दिसतें. त्याची खरी खोली जाणावयाची असेल, तर त्याच्या उंबरठ्याशीं जाऊन बसावें, त्याचें ऐकावें, आणि मगच बोलावें.